एक चमचा आणि एक पाऊल मागे

सकाळी खिडकीच्या काचेवर चार थेंब पडले आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "निन्या! आज मीगास!"

निन्या म्हणजे पोरी. हाक मारणारी माझी घरमालकीण, वय ७८. साल २०१४, महिना ऑक्टोबर. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात भूमध्य समुद्राला लागून आल्मेरिया नावाचं शहर आहे. तिथं वर्षभर शिकायला गेले होते आणि या बाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, मला 'उस्तेद' म्हणायचं नाही, 'तू' म्हणायचं. स्पॅनिशमध्ये उस्तेद म्हणजे आपलं तुम्ही, आणि तू म्हणजे चक्क तूच. एवढ्या वयाच्या बाईला तू म्हणताना माझी जीभ अडखळायची. मग लक्षात आलं, आपण आजीला तूच म्हणतो की! तिथून पुढं सोपं झालं. म्हणून इथंही मी तिच्याबद्दल 'ती' म्हणूनच लिहिणार आहे.

आल्मेरिया हा युरोपातला अगदी कोरडा मुलूख. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं महाबळेश्वरात जुलैच्या एखाद्या दिवसात एवढा कोसळून मोकळा होतो. शहरातून गाडीनं अर्ध्या तासावर ताबेर्नासचं वाळवंट. साठच्या दशकात घोडेस्वारांच्या नि बंदुकांच्या कितीतरी सिनेमांचं चित्रीकरण तिथं झालं. दुसऱ्या अंगाला, समुद्रापर्यंत, प्लॅस्टिकच्या हरितगृहांचा पांढरा पट्टा, ३० हजार हेक्टरांहून मोठा. त्याला तिथले लोक प्लॅस्टिकचा समुद्रच म्हणतात. अशा ठिकाणी पाऊस पाहुण्यासारखा येतो, आणि पाहुण्यासाठी काहीतरी खास रांधावं तसे घरोघर मीगास होतात. पावसात रानातलं काम बंद, माणसं घरात, आणि हा पदार्थ हलवत बसायला पाऊण तास लागतो, म्हणून ही रीत पडली असं सांगतात. मी जालन्याची. २०१३च्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळून त्यांचं सरपण झालेलं पाहिलं होतं. पावसाचं एवढं अप्रूप का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथं जेवणातला पहिला शब्द मी शिकले तो 'पान'. स्पॅनिशमध्ये पान म्हणजे पाव. टेबलावर सगळं मांडून झालं की ती विचारायची, "आणि पान?" आणि मला क्षणभर आमच्या घरची पानं वाढल्यासारखी वाटायची. हा निव्वळ योगायोग. खरं नातं आहे ते आपल्या पावाशी. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेला 'पांव' आणि स्पेनचं 'पान' ही दोन्ही एकाच लॅटिन 'पानिस'ची लेकरं. गोव्यात सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून येणारा पोदेर, तोही पोर्तुगीज 'पादेइरू'चाच. आणि सोबत्याला स्पॅनिशमध्ये 'कोम्पान्येरो' म्हणतात, त्याच्याही पोटात हाच पाव आहे: ज्याच्यासोबत पाव खातो तो सोबती. प्रेमात पडलेली माणसं 'कोन्तीगो, पान ई थेबोया' म्हणतात, तुझ्यासंगं पाव आणि कांदा. हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठायचीच बाकी होते. आपली कांदाभाकर! शब्दाला शब्द जुळत होता.

पण मला सांगायचंय ते पावाबद्दल नाही, पावाच्या पोटातल्या शब्दाबद्दल. पाव मोडला की वरचं कडक कवच ते 'कोर्तेथा', आणि आतला मऊ, जाळीदार भाग तो 'मीगा'. पाव कापताना टेबलावर सांडतो तो चुराही मीगाच. मूळ लॅटिन 'मीका', म्हणजे कण. अभ्रकाचं इंग्रजी नाव मायका, तेही याच कणावरून आलेलं. एवढासा शब्द, पण स्पॅनिश माणसाच्या तोंडात दिवसभरात तो किती रूपं घेऊन येतो, याचा पत्ता मला त्या पावसाळी सकाळीच लागायला सुरुवात झाली.

मीगास म्हणजे चुरा, अनेकवचनी. मूळ पदार्थ शिळ्या पावाचा. एस्त्रेमादुरा, ला मांचा, आरागोन या भागांत अजून तसाच करतात. दोन-तीन दिवसांचा कडक पाव रात्री बारीक चिरून त्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा, आणि सकाळी लसूण तळलेल्या तेलात परतत राहायचं. वर लाल मिरचीची पूड, कुठं द्राक्षं, कुठं तळलेलं अंडं, कुठं डुकराचं मांस. आल्मेरियाकडं मात्र पावाऐवजी सेमोला घेतात. सेमोला म्हणजे गव्हाचा रवा. पावाचा कणही नसलेल्या पदार्थाला पावाच्या चुऱ्याचं नाव, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नाव कशावरून पडलं ते विसरून गेलं तरी चव ते धरून ठेवते.

तिची कढई पसरट, लोखंडी, बुडाशी काळीभोर. तेल तापलं की सालीसकट लसूण, एक-दोन नाही, अख्खा गड्डा पाकळ्या सुट्या करून. लसूण तांबूस झाला की बाहेर. मग मिरच्या तळून बाहेर. मग पाणी, मीठ, आणि पाण्याला उकळी आली की रवा एकदम आत. मी म्हटलं, आमच्याकडं असंच करतात, फक्त रवा आधी कोरडा भाजतात. ती म्हणाली, "तुमचं आधी, आमचं नंतर," आणि तिच्या हातातलं 'रासेरा', लांब दांड्याचं चपटं उलथनं, माझ्या हातात दिलं. पाहता पाहता कढईत एक चिकट गोळा झाला. मला वाटलं बिघडलं. ती म्हणाली, बिघडलं नाही, आता कामाला लाग. गोळा कापायचा, उलटायचा, परत कापायचा. दहा मिनिटांनी दंड भरून आला. वीस मिनिटांनी गोळ्याचे लिंबाएवढे गोळे झाले, मग बोराएवढे, मग हरभऱ्याएवढे. पाऊण तासानं उलथन्याखाली ओल्या वाळूचा असतो तसा आवाज यायला लागला आणि सोनेरी कण सुटे होऊन कढईत घरंगळायला लागले. बाहेर पाऊस केव्हाच थांबला होता. रस्ते वाळलेसुद्धा.

आता चूक सांगते. मीगाससोबत जे काय तळलेलं-भाजलेलं खातात त्याला तिथं 'त्रोपेथोनेस' म्हणतात, म्हणजे चालताना लागणाऱ्या ठेचा, अडखळण्या. चमचा चालता चालता मध्येच मांसाच्या तुकड्याला अडखळतो म्हणून. मी मांस-मासे खात नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं सॉसेजं आणि सार्डिन मासे वेगळ्या ताटात काढले, माझ्यासाठी मिरच्या, मुळे, ऑलिव्ह आणि डाळिंबाचे दाणे ठेवले. ज्या भाजीत मांस नाही तिला तिकडं विधवा म्हणतात. मांसाविना बटाट्याचा रस्सा म्हणजे 'विधवा बटाटे'. ती म्हणाली, "तुझे मीगास विधवा," आणि मग जरा थांबून, "माझ्यासारखे." तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शब्द तिनं सहज उच्चारला, आणि उच्चारल्यावर तिलाच तो कुठं तरी लागला.

एवढा खटाटोप माझ्यासाठी, या संकोचानं मी आपल्या पद्धतीनं म्हणाले, मला अगदी थोडंसं दे, घासभर. घास म्हणायला शब्द सापडेना, म्हणून 'कण' या अर्थाचा जो शब्द डोक्यात आला तो बोलून गेले: "मला फक्त मिगाखास पुरे."

तिनं रासेरा खाली ठेवलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला कळलं असतं. तिचा चेहरा एकदम परका झाला. "मिगाखास नाही," ती म्हणाली. "माझ्या घरात कुणी मिगाखास खात नाही."

मीगा आणि मिगाखा. दोन्ही म्हणजे पावाचा कण. शब्दकोश काढून बघितला तर दोन्हींच्या अर्थांत बोटभर अंतर दिसत नाही. पण मिगाखा टेबलावरून खाली पडते. दुसऱ्याच्या जेवणातून उरलेलं, कुणी टाकलं म्हणून मिळालेलं, कुत्र्याच्या आणि भिकाऱ्याच्या वाट्याचं. कुणी कमी पगारावर राबत असेल, कुणी प्रेमात थोडक्यावर समाधान मानत असेल, तर म्हणतात, मिगाखांवर भागवतोय. आणि मीगास? 'आसेर बुएनास मीगास', शब्दशः 'चांगले मीगास करणं', म्हणजे दोन माणसांचं छान जमणं. शेजारणींचं जमतं, सासू-सुनेचं जमतं, वर्गातल्या दोन मुलांचं पहिल्या दिवशीच जमतं: त्यांचे मीगास चांगले होतात. बिनसलं तर वाईट होतात. एकच कण. वरून खाली पडला तर अपमान, आणि एका कढईत सगळ्यांसोबत परतला गेला तर मैत्री.

आपल्याकडं हे का समजू नये? मराठीत 'तुकडा' बघा. कुणाच्या घरी फुकटचे तुकडे मोडणं, कुणाच्या तुकड्यावर जगणं. आणि तोच तुकडा नवी नवरी दारात आली की भाकरतुकडा होऊन तिच्यावरून ओवाळला जातो, तिची दृष्ट काढायला. शब्द काही करत नाही, तो कुठल्या हातातून कुणाकडं चाललाय यावर सगळं असतं. मी संकोचानं बोलले होते, पण तिला ऐकू आलं ते असं, की या घरात मी आश्रित आहे असं मला वाटतं.

मी माफी मागितली. कसंबसं समजावलं, की आमच्याकडं पाहुण्यानं थोडंच मागायचं असतं आणि घरच्यांनी जास्त वाढायचं असतं. ती म्हणाली, "मग माग. मी वाढते."

त्या वर्षात तो शब्द सगळीकडं भेटत राहिला. संध्याकाळी ती बाजारातून येऊन खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "एचा मीगास", माझा पार चुरा झालाय. आपण म्हणतो ना, अंगाचा भुगा झाला, तसंच. फुलदाणी पडली, तिचे मीगास झाले. आणि कुणी वरवर साधीशी दिसणारी गोष्ट सांगितली की ती डोळे बारीक करून म्हणायची, "तिएने मीगा", यात मीगा आहे. म्हणजे गोष्ट दिसते तेवढी साधी नाही, आत काहीतरी आहे. हा मला सगळ्यात आवडलेला अर्थ. आपण खोल अर्थाला गाभा म्हणतो, गर म्हणतो, फळातलं काहीतरी. त्यांचा अर्थ पावात आहे, कडक कवच फोडल्यावर हाताला लागणाऱ्या मऊपणात.

पाव खाली पडला तर ती उचलून त्याचं चुंबन घ्यायची. आपण पायाला लागलेलं अन्न डोळ्यांना लावतो तसं. एकदा विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. यादवी युद्ध १९३९ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी रेशनकार्डं आली, ती १९५२ पर्यंत चालली. म्हणजे ती तीन वर्षांची होती तेव्हापासून सोळा वर्षांची होईपर्यंत. काळा पाव, त्यात काय काय दळलेलं असायचं याचा हिशेब नाही. पांढरा पाव चोरबाजारात. त्या वर्षांना तिथले लोक आजही उपासमारीची वर्षंच म्हणतात. तिची आई मक्याच्या पिठाचे मीगास करायची, कढईभर, आणि पोरं सहा. "त्या दिवसांत," ती म्हणाली, "पाऊस असो-नसो, रोजच मीगास."

तिचा आजोबा मेंढपाळ होता, फिलाब्रेसच्या डोंगरातला. मीगास मुळात मेंढपाळांचं अन्न. पाठीवर नेता येईल असा पाव, पिशवीत लसूण, थोडी चरबी, एक कढई, एवढ्यावर महिनोन्महिने काढायचे. आणि ही काही दहा-वीस जणांची गोष्ट नव्हती. हजारो मेंढरं घेऊन उन्हाळ्यात लेओनच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात एस्त्रेमादुराच्या कुरणांत, अशी ये-जा शतकानुशतकं चालली. राजा दहाव्या आल्फोन्सोनं १२७३ मध्ये मेंढपाळांच्या 'मेस्ता' नावाच्या संघाला सनद दिली आणि तो संघ थेट १८३६ पर्यंत टिकला. मेंढरांच्या वाटा कायद्यानं राखून ठेवलेल्या. मोठ्या वाटेची रुंदी ९० वारा, वारा हे त्यांचं जुनं माप, म्हणजे सुमारे ७५ मीटर. १९९४ पासून दर ऑक्टोबरच्या सुमाराला माद्रिद शहराच्या मधोमध मेंढरांचे कळप नेतात आणि १४१८च्या जुन्या कराराप्रमाणं हजार मेंढरांमागं ५० माराबेदी नाणी महापालिकेला मोजून देतात. मोटारी थांबतात, लेकरं फुटपाथवरून हात लावून बघतात. मला ते दृश्य बघायला मिळालं आणि तिथं उभ्या उभ्या आमच्याकडचे धनगर आठवले. दिवाळीनंतर कळप घेऊन उतरणारे, शेतात मेंढरं बसवून लेंडीखत देणारे, घोड्यावर लेकरू आणि कोंबडी बांधून चालणारे. त्यांच्यासाठी ७५ मीटरची वाट कुणी राखली नाही. महामार्गाच्या कडेकडेनं ट्रकांना चुकवत ते चालतात.

तर मेंढपाळांच्या कढईचा एक नियम होता. तो तिनं आजोबाकडून ऐकलेला. ताटं नसायची. कढई मध्ये ठेवायची, सगळे भोवती उभे. प्रत्येकाच्या हातात आपापला चमचा. पुढं व्हायचं, एक चमचा घ्यायचा, आणि एक पाऊल मागं जायचं. मागं उभं राहून खायचं. तेवढ्यात दुसरा पुढं येतो. मग परत आपली पाळी. 'कुचारा ई पासो आत्रास', चमचा आणि पाऊल मागं. मागं गेलं नाही तर दुसऱ्याला जागा होत नाही, आणि कुणी पुढंच उभा राहून दोन चमचे घेतले तर सगळे बघत असतात. वाढणारा कुणी नाही. मोठा-धाकटा नाही. 'चांगले मीगास करणं' हा मैत्रीचा वाक्प्रचार या सामाईक कढईतून आला असं तिकडं सांगतात, आणि मला ते अगदी पटतं. एकमेकांना घास भरवणं ही मैत्री आपल्याला माहीत आहे. घास घेऊन जागा सोडणं, ही मैत्री मला तिनं शिकवली.

एका पावसाच्या दिवशी तिची मुलगी, जावई, दोन नातवंडं आली होती. तिनं मुद्दाम कढई बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवली आणि आम्हाला नियम पाळायला लावला. नातू दर वेळी पाऊल मागं टाकताना कुंडीला अडखळायचा. ती, ७८ वर्षांची, गुडघे दुखत असतानाही पुढं व्हायची, चमचा भरायची, मागं व्हायची. आपली पाळी तिनं एकदाही चुकवली नाही. ते पाहताना माझ्या घशाशी काहीतरी आलं, आणि ते काय आहे हे कळायला मला रात्र झाली.

मला आई आठवली होती.

आमच्या घरी शिळ्या पोळ्यांचे कुटके व्हायचे. पुण्याकडं फोडणीची पोळी म्हणतात, कुस्करा म्हणतात, कुणी लाडानं मनोहरा म्हणतं. पोळ्यांच्या डब्यात खाली राहिलेल्या, कडा वाळलेल्या पोळ्या सकाळी हातानं कुस्करायच्या. मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे, भरपूर कांदा, हिरवी मिरची. कुटके टाकले की पाण्याचा हबका आणि वर झाकण. हा हबका एस्त्रेमादुराच्या मेंढपाळानं पाहिला असता तर त्याला ओळख पटली असती. आम्हा पोरांना कुटके फार आवडायचे. बाबांना ताजी पोळी लागायची, आजीला दातांमुळं मऊ लागायची, आम्हाला डब्यात भाजी-पोळी. कुटके खरं तर आईचे असायचे. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभं राहून, कढईतूनच, सांडशीनं धरून ती खायची. आम्ही मध्येच येऊन 'मला पण' म्हणायचो आणि ती कढई पुढं करायची. तळाची खरवड आम्ही भांडून घ्यायचो. राहिलं तर तिचं.

लहानपणी मला वाटायचं तिला उभ्यानं खायला आवडतं.

आमच्या घरात सगळ्यांसाठी मागं होणारं पाऊल एकच होतं. पाहुणे आले की मागं, पुरुषांची पंगत बसली की मागं, पोरांना भूक लागली की मागं. आणि चमचा? चमचा घ्यायला तिला पुढं या असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही नाही म्हटलं. स्पेनमधल्या एका स्वयंपाकघरात कुणीतरी 'माझ्या घरात कुणी मिगाखास खात नाही' म्हणेपर्यंत, आमच्या घरात कुणीतरी रोज तेच खातं हे मला दिसलं नव्हतं. ते फार जिव्हारी लागलं.

आपल्या भाषेत अन्नाचे लाक्षणिक अर्थ काही कमी नाहीत. पण रोटी-बेटी व्यवहार हा शब्द आठवला की अजून अंगावर येतो. कुणासोबत जेवायचं नाही हे ठरवण्यासाठी भाकरीचा शब्द वापरणारी आपली माणसं. त्याच मातीत समाजसुधारक समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घातले, दलित जोडप्याला पूजेला बसवलं आणि सगळ्यांनी मिळून प्रसादाला झुणका-भाकर खाल्ली. ते त्यांचं मागं घेतलेलं पाऊल.

आणि वारकऱ्यांचा काला. हा शब्द मला आल्मेरियात बसून नव्यानं दिसला. भाकरी कुस्करून दुधात कालवली की काला, लेकराचं पहिलं जेवण. आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र केल्या तोही काला. पोहे, दही, लोणचं, कुणाकडं काय असेल ते, त्यात भेद नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि वारी संपते, माणसं एकमेकांच्या तोंडात घास घालून निरोप घेतात. तिथले मेंढपाळ, इथले गोपाळ. दोघांनीही चुऱ्यातून सोबत उभी केली. मी तिला काल्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं नेहमीसारखे डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तिएने मीगा." मग विचारलं, "आणि तो घरी पण करता की देवळातच?"

मला उत्तर देता आलं नाही.

परत आले त्या जूनमध्ये जालन्यात पहिला पाऊस संध्याकाळी आला. धूळ बसली, वीज गेली. डब्यात सकाळच्या सात-आठ पोळ्या होत्या. मी आईला ओट्यापासून बाजूला केलं आणि कुटके केले, लसूण जरा जास्तच घातला. कढई उचलून पुढच्या खोलीत नेली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली आणि सगळ्यांच्या हातात एकेक चमचा दिला: बाबा, दादा, वहिनी, पाच वर्षांचा भाचा. मेणबत्तीच्या उजेडात मी नियम सांगितला. बाबांना उभं राहून खाणं पसंत नव्हतं, पण अंधारात ते उठले. भाच्याला नियम लगेच समजला. त्याला दुसरं काही नकोच होतं. तो पंच झाला. "एक चमचा! एक पाऊल मागं! आता बाबा! एक चमचा!"

आई दारात उभी होती, पदराला हात पुसत. "तुम्ही घ्या, मी मागून खाते."

"मागून नाही," मी म्हटलं. "आपली पाळी असते." आणि चमचा तिच्या हातात दिला.

ती वाकली. चमचा भरताना कडेचं, जळकं तेवढं शोधायला लागली, मी तिचा हात धरून मधे नेला. तिनं चमचा भरला, आणि सवयीनं मागं सरकली, एक, दोन, पार दाराच्या चौकटीपर्यंत.

"आजी!" भाचा ओरडला. "एवढं मागं नाही. एकच पाऊल!"